वाक्रुळकरांचं शनिवारचं भांडण

परळीत हनोख वाक्रुळकर नक्की कोण, यावर लोकांचं एकमत कधी झालंच नाही. थर्मल वीजकेंद्रात बॉयलरवर नोकरीला लागले तेव्हा कुणी त्यांना ख्रिस्ती ठरवलं, कुणी पारशी. हा माणूस शनिवारी कामाला हात लावत नाही, हातापाया पडून पाळी बदलून घेतो, हे कळल्यावर मात्र सगळ्या कॉलनीची खात्री पटली की गडी मारुतीचा कडक भक्त आहे. एका शेजारणीनं तर शुक्रवारी संध्याकाळीच रुईच्या पानांची माळ आणून दिली. सिपोराबाईंनी, म्हणजे वाक्रुळकरांच्या बायकोनं, ती मुकाट घेतली. सांगणार काय? आपण बेने इस्राएल, यहुदी, कोकणातले, आपले पूर्वज तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, एवढं उंबऱ्यात उभ्या बाईला समजावेपर्यंत सूर्य बुडाला असता आणि शनिवारभर कच्ची डाळ खावी लागली असती. शुक्रवारचा सूर्य बुडाला की शनिवारचा बुडेपर्यंत त्यांच्यात चूल पेटवायची नाही.

खरं काय ते शोधून काढलं गहिनीनाथनं, थेट तोंडावर विचारून. तो त्याच पाळीत हेल्पर, मूळचा मेंढपाळाच्या घरातला. त्याला व्यसन एकच होतं: कुठलीही गोष्ट तो सरळ मान्य करायचा नाही. साहेबानं व्हॉल्व्ह बंद कर म्हटलं की करायचा, पण आधी विचारायचा, "कावून?" का म्हणून, एवढंच. या एका शब्दापायी त्याची बढती जन्मभर हुकत राहिली. त्याची बायको दगडाबाई तर सांगते की लग्नात भटजींनी 'सावधान' म्हटलं तेव्हाही यानं अंतरपाटावरून मान काढून तेच विचारलं होतं. दगडाबाई वाढवून सांगते, पण नवऱ्याच्या बाबतीत तिला फार वाढवावं लागत नसे.

दोघं मागंपुढं निवृत्त झाले. गहिनीनाथनं शेळ्या घेतल्या. वाक्रुळकरांनी गंगाखेड रोडला लहानसं घर बांधलं, आणि घराला रंग लागला त्याच वर्षी सिपोराबाई गेल्या. मुलगा एलाझार केव्हाच इस्राएलला स्थायिक झालेला. जिल्ह्यात आपलं म्हणावं असं दुसरं घर उरलेलं नाही. यहुद्यांच्या सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. दहा सोडा, परळीत वाक्रुळकरांना स्वतःसारखा दुसरासुद्धा मिळेना.

राहता राहिलं शिकणं. त्यांच्यात शिकणं हे पोरवयात उरकायचं काम नाही, मरेपर्यंत चालवायचं. आजोबांपासून आलेली एक जाडजूड पोथी त्यांच्याकडे होती. जुन्या गुरुजनांचे वादविवाद, एका अंगाला हिब्रू, दुसऱ्या अंगाला मराठी. आजोबांची ती संपली नाही. वडिलांचीही नाही. वडील जिथं थांबले तिथं त्यांनी ठेवलेलं सब्ज्याचं वाळकं पान अजून तसंच होतं. वाक्रुळकरांची इच्छा एकच उरली होती: घराण्यात एकदा तरी कुणीतरी ही पोथी शेवटापर्यंत न्यावी. शेवटचं पान झालं की पोथीला सांगायचं, आम्ही तुझ्याकडे परत येऊ, आणि पोहे, गूळ, खोबरं कालवून मलिदा वाटायचा.

पण अडचण अशी, की त्यांच्यात शिकायचं जोडीनं. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं मोडून काढायचं. भांडण झाल्याशिवाय ओळ पुढं सरकत नाही. वडील सांगायचे, एकटा माणूस स्वतःच्या चुकीवर फार लवकर खूश होतो. म्हणून वाक्रुळकर शनिवारी दुपारी ओसरीत मोठ्यानं वाचत आणि मग गप्प बसून राहत, समोरून कुणीतरी आडवं बोलेल म्हणून.

अशाच एका शनिवारी ते वाचत होते की सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवावी, तिला विसावा द्यावा. कुंपणापलीकडे गहिनीनाथ शेळ्या घेऊन उभा होता.

"कावून?" तो म्हणाला.

वाक्रुळकरांनी चष्मा काढून पुसला. देवाची आज्ञा आहे, ते म्हणाले.

"आमच्यात तर ती दर तिसऱ्या वर्षी आपसूक पडीक ऱ्हाती. तुमच्या देवाला आज्ञा करावी लागती, आमच्याला पाऊस न पाडून भागतं."

शेळ्या कुंपणाची मेंदी खाऊन मोकळ्या झाल्या, वाद संपला नाही. त्या दिवसापासून जोडी जमली.

पुढची बरीच वर्षं शनिवारची दुपार म्हणजे गंगाखेड रोडची करमणूक होती. पोरी क्लासला जाताना थांबून ऐकायच्या. गहिनीनाथ प्रत्येक वेळी शहाणंच बोलायचा असं कुणी समजू नये. निम्मं निखालस आडमुठेपण असायचं. एकदा ओळ मानायची नाही म्हणून त्यानं मेंढरांना स्वप्नं पडतात असं दुपारभर लावून धरलं होतं. पण ते खोडायला वाक्रुळकरांना पोथीची मागची पानं उलटावी लागायची, आणि तिथं त्यांना असं काही सापडायचं जे एकट्यानं जन्मात सापडलं नसतं. वडिलांचं सब्ज्याचं पान त्यांनी ओलांडलं तेव्हा वाक्रुळकरांचा आवाज चिरकला. गहिनीनाथ म्हणाला, "रडायचं काय त्यात? पुढं वाचा."

चहाची तर गंमतच. शनिवारी वाक्रुळकर गॅस पेटवणार नाहीत, आणि दुसऱ्याला पेटव म्हणून सांगणंही बरं नाही. म्हणून ते आभाळाकडे बघून नुसतं म्हणायचे, "चहाची वेळ झाली वाटतं." गहिनीनाथ उठायचा आणि आतून ओरडायचा की हे सायेब आपल्या देवाला टोपी घालतात आणि पाप माझ्या बोकांडी. त्यावर पुन्हा अर्धा तास वाद.

वाक्रुळकरांची आणखी एक पंचाईत होती. गहिनीनाथच्या पोराचं नाव परमेश्वर. देवाचं नाव उगाच तोंडी आणू नये असं शिकलेला माणूस त्याला हाक कशी मारणार? ते "अहो धाकटे" म्हणायचे. परमेश्वर थर्मलच्या राखेच्या ट्रकांवर मुकादम होता. त्याला अहोजाहो करणारा अख्ख्या तालुक्यात हा एकटाच, म्हणून तो त्यांच्यासमोर उगीच ताठ बसायचा.

मग गेल्या उन्हाळ्यात केव्हातरी, नक्की कधी ते वाक्रुळकरांनाही सांगता येत नाही, एका ओळीवर गहिनीनाथ म्हणाला, "बराबर हाय."

वाक्रुळकरांना बरं वाटलं. खोटं कशाला बोला, आपण इतक्या वर्षांनी का होईना जिंकलो असं वाटून त्यांनी मिशीला हात लावला. दुसऱ्या ओळीलाही तो "बराबर हाय" म्हणाला. तिसऱ्यालाही. त्या दिवशी पोथी कधी नव्हे इतकी पानं पुढं गेली आणि वाक्रुळकर रात्री मलिद्याला किती पोहे लागतील याचा विचार करत झोपले. हा मूर्खपणा त्यांना पुढं फार लागला.

पुढच्या शनिवारी ते म्हणाले, "चहाची वेळ झाली वाटतं."

"बराबर हाय," गहिनीनाथ म्हणाला, आणि बसून राहिला.

वाक्रुळकरांनी पोथी मांडीवर घेतली आणि आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. पानात नसलेलं वाचलं.

"इथं लिहिलंय," ते म्हणाले, "दुसऱ्याचं हरवलेलं जनावर आपल्या रानात आलं, तर ते परत देऊ नये. कापून खावं."

हाच गहिनीनाथ एकदा कुणाचा तरी चुकलेला बोकड खांद्यावर घेऊन सिरसाळ्याच्या बाजारापर्यंत चालत गेला होता, मालक शोधत. दगडाबाई म्हणाली होती ठेवून घ्या, तर तिच्याशी आठवडाभर बोलला नव्हता. वाक्रुळकर पानावर बोट ठेवून वाट बघत राहिले. आता हा उठेल, चप्पल घालेल, म्हणेल असली पोथी जाळा. त्यांनी मनातल्या मनात तशी विनवणी केली. कुणाला, ते नाव तोंडी आणायचं नव्हतंच.

गहिनीनाथनं पानाकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं, आणि लहान मूल हसतं तसा हसला.

"बराबर हाय," तो म्हणाला.

अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी परमेश्वरला सांगितलं की मेंदू आक्रसत चाललाय, गेलेलं परत येत नसतं. हे सांगायला परमेश्वर ओसरीवर आला तेव्हा पहिल्यांदाच ताठ बसला नाही. घरात आता वडिलांचा काही त्रास नाही, तो म्हणाला. म्हणेल ते ऐकतात, देईल ते खातात. आई म्हणते जन्मभर असं वागले असते तर सोनं झालं असतं. एवढं बोलून त्यानं मान खाली घातली, कारण आई तसं म्हणते खरी, पण म्हणून झालं की मोरीत जाऊन रडते.

एलाझारनं फोनवर सुचवलं की इकडे या, इथं शिकणाऱ्यांची रांग आहे. नाहीतर मोबाइलवर वर्ग लावून घ्या. वाक्रुळकरांनी वर्ग लावूनही पाहिला. कसलेले गुरुजी होते, गोड बोलत. वाक्रुळकरांनी पहिल्याच वाक्याला अडवलं, तर गुरुजींनी प्रश्न शेवटी घेऊ म्हणून त्यांचा आवाज बंद केला. वर्गातले सगळे माना डोलवत होते. वाक्रुळकरांनी मोबाइल पालथा ठेवला. माना डोलवणारा एक त्यांना घरी होताच.

हल्ली शनिवारी परमेश्वर वडिलांना आणून ओसरीवर बसवतो. वाक्रुळकर वाचतात, आणि मग आवाज जरा घोगरा करून स्वतःच विचारतात, "कावून?" स्वतःच खोडतात, स्वतःच चिडतात, मेंढरांची स्वप्नंही काढतात. रस्त्यावरचे म्हणतात, एक गेला तो गेला, आता दुसऱ्याचंही डोकं फिरलं. पोरी थांबत नाहीत, भरभर निघून जातात.

पण वाक्रुळकर वाचतात ती मागचीच पानं. त्या पानांवर गहिनीनाथ काय बोलला होता ते त्यांना तोंडपाठ आहे. पुढच्या, न वाचलेल्या पानावर तो काय बोलला असता, ते त्यांना सुचत नाही. त्यांनी करून पाहिलं. घोगऱ्या आवाजात "कावून" म्हटलं, आणि त्यापुढं आलं ते वाक्रुळकरांचंच बोलणं होतं, शहाणं, नीटनेटकं, बॉयलरवाल्या साहेबाचं. लगेच पटलंसुद्धा. ते दचकून थांबले. ज्या पानांना गहिनीनाथ नुसतं "बराबर हाय" म्हणाला होता तीही त्यांनी मग शिकलेल्यांत धरली नाहीत. उलटी परतवून मागं आले, आणि शेवटचं खरं भांडण जिथं झालं होतं तिथं वडिलांचं सब्ज्याचं पान ठेवलं. पुढं उरलेली पानं चिमटीत मावतील एवढीच. पण ती वाचायला वाक्रुळकरांपाशी कुणी नाही, आणि वाक्रुळकरांमागं पोथी हातात घेणारंही कुणी नाही.

थर्मलची राख वाऱ्यानं येते आणि उघड्या पानावर बसते. पूर्वी गहिनीनाथ ती फुंकायचा आणि म्हणायचा, ही आपलीच हाय, आपणच केलती. आता ती तशीच राहते. दुपार कलली की वाक्रुळकर आभाळाकडे बघून म्हणतात, "चहाची वेळ झाली वाटतं."

"बराबर हाय," गहिनीनाथ म्हणतो.

आणि दोघंही बसून राहतात.