वीसबाई

माझ्या आत्याला दवाखान्यात सगळे वीसबाई म्हणत. दातांच्या डॉक्टरांकडे ती तेवीस वर्षं मदतनीस होती. दाढेत भरलेला मऊ मसाला निळ्या दिव्याने कडक होतो. तो दिवा धरायची आत्या, आणि मोठ्याने वीसपर्यंत मोजायची. डॉक्टरांनी कितीही घाई केली, तरी एकोणिसाला ती कधी थांबली नाही. "मी मोजलेली दाढ दहा वर्षं हलायची नाही," असा तिचा तोरा. मला तो आवडायचा.

पहिला आला सुतार. चार महिन्यांपूर्वी भरलेली त्याची दाढ मधोमध झिजून खड्डा पडला होता. "डॉक्टर, माझं पॉलिशसुद्धा याहून जास्त टिकतं!"

"बायकोवर कमी दात खात जा," डॉक्टर म्हणाले. सगळे हसले.

मग शाळेतल्या बाई आल्या, मग बसचा ड्रायव्हर. त्याला दुखत काहीच नव्हतं, नुसता तुकडा उडाला होता. पण आत दाढ पार पोखरलेली. ती काढावीच लागली. त्या दिवशी कुणी हसलं नाही. मालच खराब, असं म्हणून डॉक्टरांनी दुसऱ्या कंपनीचा मागवला. महिन्याभरात तोही झिजला. आत्याला जेवण जाईना.

एका दुपारी मी डबा घेऊन गेले, तर ती खिडकीपाशी बसली होती. समोर लोखंडी नट. त्याच्या भोकात तिने मसाला भरला होता, वरून दिवा धरून वीस मोजले होते.

"वरून नख लाव."

लावलं. काचेसारखं टणक.

"आता उलटं करून लाव."

ओल्या साबणासारखा मसाला नखात आला. मला शिसारी आली.

तिने दिव्याचं टोक उजेडात धरलं. काचेवर दातांच्याच रंगाचा पातळ पापुद्रा चढला होता. कधीतरी मसाला चिकटून तिथेच कडक झालेला. उजेड त्यातच अडत होता.

"रोज पुसत होते गं मी. स्पिरिटने. पुसून निघत नाही ते, खरवडावं लागतं. आणि मी बसले आकडे मोजत!"

मला तिची कीव आली आणि रागही आला. तेवीस वर्षांत एकदा त्या काचेला नख लावून बघायला काय झालं होतं?

"डॉक्टरांना सांगितलंस?"

"सांगितलं. म्हणाले, नवा दिवा आणू, तू तोंड उघडू नकोस. दुखलं की येतील लोक."

"मग?"

"दुखेपर्यंत दाढ राहत नाही. मी सगळ्यांना फोन करणार. नोकरी गेली तर गेली."

तिने पेशंटची वही ओढली. सुताराच्या नावापासून तिचं बोट एकेका ओळीवरून खाली सरकू लागलं. पानं उलटत गेली. एका ओळीवर बोट थांबलं, आणि तिने माझ्याकडे पाहिलं.

"माझी चांगली आहे, आत्या. काही दुखत नाही."

"ड्रायव्हरलाही दुखत नव्हतं," ती म्हणाली. टोकदार सळई घेऊन ती उठली. "आ कर."

मी आ केला. सळईचं टोक दाढेला लागल्याचं मला कळलं. मग ते आत जाऊ लागलं, आणि आत्या सवयीने मोजायला लागली.