रेगेसाहेबांच्या कोर्टातली बेअदबी

कोर्टात दोन गोष्टी साठतात. कागद आणि किस्से. कागदांचं एक बरं असतं. त्यांना नंबर असतो, मुदत असते, मुदत संपली की नष्ट करायचा हुकूम येतो. हुकूम यायला उशीर झाला तर उंदीर असतातच! किश्शांना मात्र ना नंबर, ना मुदत. रिटायर होऊन इतकी वर्षं झाली, तरी कुणी चहाला येऊन बसलं की माझ्या तोंडून एक निघतो आणि त्याच्या मागून दुसरा.

हे सगळे पन्नास-साठच्या दशकातले. मुळशीच्या बाजूला एका छोट्या कोर्टात मी कारकून होतो. कौलारू इमारत, पुढे पडवी, पडवीत पक्षकार. धरणापलीकडची माणसं पहाटे नावेत बसायची, मग चालायची आणि नशीब असेल तर पुढे एसटी मिळायची. जज्ज होते रेगेसाहेब. अंगानं बारीक, आवाज हळू. कोर्टाचा अवमान करणाऱ्याला शिक्षा देण्याचा अधिकार हातात असूनही ते तो देव्हाऱ्यातल्या शंखासारखा जपायचे. घरात आहे, पण उठसूट फुंकायचा नाही.

*

मी नवीन होतो तेव्हा मला ही बेअदबी नीट कळेना. दिवाणी वेगळी, फौजदारी वेगळी. आमचे शिरस्तेदार दामले म्हणजे कोर्टातले सगळ्यात जुने. त्यांना मी भीत भीत विचारलं.

दामल्यांनी तपकीर ओढली. म्हणाले, "तुझं लग्न झालंय ना? मग सोपं आहे. बायकोनं भाजी आणायला सांगितली आणि तू मुद्दाम आणली नाहीस, ही दिवाणी बेअदबी. हुकूम मोडला. चारचौघांत तिच्या स्वयंपाकाला नावं ठेवलीस, ही फौजदारी. अब्रू घेतली."

"आणि शिक्षा?"

"शिक्षा दोन्हीला एकच. जेवण बंद!"

साहेबांनी हे आतून ऐकलं होतं. बाहेर येऊन म्हणाले, "दामले, एक राहिलं. दिवाणीत उशिरा का होईना, भाजी आणली की माणूस सुटू शकतो. फौजदारीत आधी मनापासून माफी मागावी लागते."

पुढे मी कायद्याची पुस्तकं चाळली. याहून जास्त मला त्यांतून काही कळलं नाही.

*

एकदा एका वाटेच्या भांडणात म्हातारा धनगर साक्षीला आला. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. शपथ घेतली आणि पिंजऱ्यातच शांतपणे विडी पेटवली!

वकील ओरडले, "साहेब, हा कंटेम्प्ट आहे!" पट्टेवाला सीताराम विडी हिसकायला धावला. साहेबांनी हातानंच त्याला थांबवलं.

"बाबा, इथं विडी ओढत नाहीत. का पेटवलीत?"

म्हातारा म्हणाला, "साहेब, तुमीच आत्ता वदवून घ्येतलं, खरं सांगीन म्हनून. इडी वढल्याबिगर मला आठवत न्हाई. आन् आठवल्याबिगर खरं कसं सांगू?"

सगळ्यांच्या नजरा साहेबांकडे. साहेब उठून उभे राहिले. "कोर्ट पाच मिनिटांसाठी उठत आहे," म्हणाले आणि चेंबरच्या दाराशी वळून वकिलांना म्हणाले, "आता कोर्टच नाही, तर बेअदबी कुणाची होणार?"

म्हाताऱ्यानं बाहेर जाऊन विडी संपवली. परत आला तो असा बोलला, की कुठल्या झाडाखाली मेंढरं बसायची आणि कुठल्या दगडाला वाट वळायची, सगळं उलटतपासणीतही तसंच्या तसं. केस त्याच साक्षीवर ठरली.

*

सीतारामला वाटायचं, कोर्टाची अब्रू त्याच्या लाल पट्ट्यात आहे. एका लग्नसराईत समोरच्या रस्त्यानं वरात निघाली. ताशा असा वाजायला लागला की साक्षीदाराचं बोलणं ऐकू येईना. सीताराम हुकमाची वाट न बघता बाहेर गेला आणि त्यानं घोड्याचा लगामच धरला. "आत कोर्ट चालू हाय. वाजवलं तर नवऱ्यामुलासकट आत!"

ताशा बंद. घाबरलेल्या वरबापानं माफी मागितली आणि सीतारामच्या हातावर पेढे ठेवले. ते घेऊन हा आत आला.

साहेब म्हणाले, "कोर्टाच्या नावानं काही घ्यायचं नसतं. पेढे मुद्देमाल म्हणून जमा करा आणि संध्याकाळी परत देऊन या."

संध्याकाळी बघतो तर पेढे नाहीत! सीताराम अटेन्शनमध्ये उभा.

"साहेब, नाशवंत मुद्देमालाची इल्हेवाट लगेच लावायची, असं तुमीच मागं सांगितलं हुतं."

साहेबांनी आपल्या खर्चानं पेढ्यांचा पुडा आणवला आणि सीतारामच्याच हाती वरबापाकडे पाठवला. या खेपेला मला सोबत दिलं. मोजून परत करायला!

*

रेगेसाहेब वेळेचे फार पक्के. अकराच्या ठोक्याला खुर्चीत. एका पावसाळी दिवशी मात्र त्यांची बस वाटेत बंद पडली आणि साहेब बाराला पोचले. धोतर चिखलानं भरलेलं. तसेच आत जाऊन, कपडे बदलून, कोट चढवून बसले.

पहिलंच काम बायजाबाईचं. धरणापलीकडची विधवा, जमिनीच्या हक्कासाठी एकटी लढत होती. मागच्या तारखेला नाव उशिरा सुटली म्हणून ती पोचली नव्हती आणि तिचं काम गैरहजेरीत काढून टाकलं होतं. ते परत लावून घ्यायला आली होती. साहेबांनी विचारलं, "बाई, मागच्या वेळी उशीर का केलात?"

बायजाबाईनं पदर खोचला. "आमी उशीर क्येला की काम काढून टाकता. आज तुमी उशीर क्येला. तुमचं काय काढायचं?"

तिच्या वकिलांनी तर डोळेच मिटले. बाई आता आत जाते, असं मलाही वाटलं.

साहेब मला म्हणाले, "रोजनाम्यात लिहा. आज कोर्ट एक तास उशिरा बसलं. बाईंची तक्रार रास्त आहे. त्यांचं काम पुन्हा दाखल करून घेतलं." मग तिच्याकडे वळून म्हणाले, "बाई, उशिराबद्दल माफ करा."

बायजाबाईनं क्षणभर विचार केला. म्हणाली, "या डाव क्येलं. पुढल्या डावाला बस लवकरची धरा!"

*

ते मऊ होते असं मात्र समजू नका. जंगलाचा एक बडा ठेकेदार होता. कोळशाच्या भट्टीवरच्या मजुराला त्यानं काठीनं मारलं, मजुराचा हात मोडला. साक्षीला आली मजुराची बायको. एवढीशी बाई, जन्मात पहिल्यांदा कोर्ट बघत होती. ती थरथरत सांगायला लागली तोच ठेकेदार उठून ओरडला, "हिचं काय ऐकता? आधी तुमची बदली करून दाखवतो, मग हिच्याकडे बघतो!"

बाईचं बोलणं तिथंच तुटलं.

साहेब नेहमीच्याच हळू आवाजात म्हणाले, "बदली जरूर करा. फक्त कॉलेज असलेलं गाव बघा, माझ्या दोन मुली आहेत."

लोक हसले. ठेकेदारही हसला. मग साहेब म्हणाले, "हे झालं तुमचं-माझं. पण साक्ष देणाऱ्या बाईला तुम्ही या खोलीत धमकी दिलीत. ही खोली माझी नाही. सीताराम, दार लाव. कोर्ट उठायच्या आत याचा निकाल लागेल. तोवर हे इथून हलणार नाहीत."

ठेकेदार दिवसभर भिंतीशी बसून राहिला. चार वाजता त्यानं माफीनामा लिहिला, 'मी रेगेसाहेबांची माफी मागतो.' साहेबांनी तो परत केला. "रेगेंची नको." त्यानं खोडून लिहिलं, 'कोर्टाची माफी मागतो.' साहेबांनी तो वाचला, बाजूला ठेवला. "हा झाला कागद. आता बाईंना सांगा, की त्यांनी न भिता बोलावं."

ठेकेदाराला ते वाक्य बोलायला पाच मिनिटं लागली. पण बोलला. आणि ती बाई पुन्हा उभी राहिली आणि शेवटपर्यंत बोलली. त्या वेळी तिचा आवाज मागच्या बाकापर्यंत ऐकू येत होता.

*

आणि एक दावा असा, की त्याचा निकाल साहेबांना लिहावाच लागला नाही. दोघा भावांनी तो पुढच्या तारखेला स्वतःच काढून घेतला. थोरला हरिबा, धाकटा धोंडिबा. दोघांच्या भातखाचरांमध्ये एक बांध, आणि बांध कुणाचा यावर भांडण. तीन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. साहेबांनी मनाईहुकूम दिला होता, निकालापर्यंत दोघांपैकी कुणीही बांधाला हात लावू नये.

श्रावणात अर्ज आला. हरिबाची कामं त्याचा मेहुणा मुखत्यार म्हणून बघायचा, त्यानंच परस्पर केलेला. धोंडिबानं हुकूम मोडून बांध नव्यानं घातला, त्याला दिवाणी तुरुंगात टाका! बेलिफ जाऊन बघून आला. बांधावर मधोमध ताजी माती होती, हे खरं होतं.

धोंडिबा पिंजऱ्यात आला. अंगाला अजून लाल मातीचा वास.

"तू बांधाला हात लावलास?"

"न्हाई साहेब. हात न्हाई लावला."

मेहुणा हसला. साहेब म्हणाले, "मग काय झालं ते सांग."

"लई पाऊस झाला, साहेब. बांध फुटला. माझं खाचर वरच्या अंगाला, दादाचं खालच्या. समदं पानी दादाच्या भातावर चाललं. हात लावू नगा असा तुमचा हुकूम. मंग म्या भगदाडात आडवा झालो."

"आडवा?"

"व्हय. हात छातीशी बांधून. बांधाच्या जागी म्याच पडलो."

"मग माती कुणी टाकली?"

"बायकांनी. हुकमात त्यांची नावं न्हाईत, साहेब. माजी बायकू आन् वैनी, दोगींनी."

मेहुण्याचे वकील म्हणाले, "बनाव आहे! हा आडवा पडल्याचं पाहिलं कुणी?"

"म्या पाह्यलं," दारातून आवाज आला. हरिबा होता. मेहुण्यानं बाही ओढली तरी तो पुढे आला.

साहेबांनी चष्मा काढला. "त्या वेळी तुम्ही कुठं होतात?"

"त्याच्या शेजारी, साहेब," हरिबा म्हणाला. "भगदाड एका मानसाचं न्हवतं."