झालं म्हणायचं नाही

ढोमणेजी तीस वर्षं आमच्या घरी आले आणि एकदाही बसले नाहीत. चहा उभ्याने, चपला पायात. "अहो, खुर्चीला काटे आहेत का आमच्या?" मी विचारायची. "असू द्या ना ताई, काय सांगता येते," म्हणत खिडकीपाशी जायचे, तिथून दारापाशी, परत खिडकीपाशी. बघणाऱ्यालाच चक्कर यायची.

ते मूळचे नागपूरचे. एकाहत्तरच्या लढाईत हवाई दलात होते, जमिनीवरच्या कामात. नंतर भोपाळला आमच्या टाउनशिपमध्ये आले, कारखान्याच्या अग्निशमन विभागात लागले. क्वार्टर नेमकं आमच्या वरचं. दिवेलागण झाली की डोक्यावर येरझाऱ्या सुरू. किती वेळा भांडायला म्हणून जिना चढले आणि कुसुमवहिनींच्या हातचं काहीबाही खाऊन खाली आले!

त्यांच्या घरात एका शब्दाला बंदी होती, तो म्हणजे "झालं". वहिनी "स्वयंपाक झाला" म्हणाल्या की बाहेरून आवाज यायचा, "झाला नको म्हणू. वाढते म्हण." मुलीचं लग्न पार पडलं, पाहुणे गेले, मी म्हटलं, "सुटलात हो, झालं एकदाचं!" तर मी भर मांडवात शिंकल्यासारखं ढोमणेजींनी माझ्याकडे बघितलं. "अभी नहीं, ताई." विक्षिप्त माणूस, दुसरं काय, असंच मला वाटायचं.

डिसेंबर लागला की भोपाळला गॅसमध्ये गेलेली आपली माणसं आठवतात. त्याच दिवसांत, एकाहत्तर साली, ढोमणेजींच्या विमानतळावर बॉम्ब पडले होते, हे कुणाच्या गावीही नव्हतं. वहिनींच्या बोलण्यात ते आलं आणि मराठी मंडळाची सेक्रेटरी म्हणून मला चेव चढला. शाल, श्रीफळ, दोन मिनिटं मौन. शिवाय माझ्याच सुपीक डोक्यातली एक कल्पना! अग्निशमन विभागातला हाताने फिरवायचा भोंगा स्टेजवर आणायचा आणि मौन संपल्याची खूण म्हणून ढोमणेजींनी तो वाजवायचा. धोका टळला की वाजवतात तसा, एकसुरी, सलग. लढाईत ते भोंग्यावरच तर होते! त्यांना विचारलं, तर "बघू" म्हणाले. तोच मी होकार धरला.

सगळे उभे राहिले. दोन मिनिटं गेली, तीन गेली. ढोमणेजींचा हात भोंग्याच्या दांड्यावर, आणि भोंगा गप्प. पोरं चुळबुळायला लागली, कुणीतरी खोकलं. मी जवळ जाऊन दातओठ खात पुटपुटले, "अहो, फिरवा ना!"

"अभी नहीं." मग माझ्याकडे न बघताच बोलायला लागले. "त्या दिवशी फोन आला, ऑल क्लिअर दे. मी दिला. तो ऐकून माझ्यासोबतचे सुलेमान आणि पांडे खंदकातून वर आले. अन् विमानं परत आली. ताई, माझ्या भोंग्यावर भरवसा ठेवून वर आले होते ते."

माईक चालू होता. सगळ्या हॉलने ऐकलं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सत्कार करायला निघाले होते आणि त्या माणसाला नेमकं तेच पुन्हा करायला लावत होते! मी त्यांचा हात दांड्यावरून सोडवला. "राहू द्या, ढोमणेजी. चुकले मी." ते स्टेजवरून उतरले, पहिल्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीपाशी बराच वेळ उभे राहिले आणि मग बसले. ते बसल्यावर आम्ही बसलो.

पुढे दर वर्षी तसंच चाललं. भोंगा नाही, घड्याळ नाही. ढोमणेजी बसतील तेव्हा मौन संपणार. कधी चार मिनिटं, कधी सात. नवीन बदलून आलेले लोक कुरकुरायचे, त्यांना मी डोळे वटारून गप्प करायची.

गेल्या उन्हाळ्यात ढोमणेजी गेले. वरच्या येरझाऱ्या थांबल्या आणि मला घर खायला उठलं. डिसेंबरात आम्ही मौनाला उभे राहिलो खरे, पण बसायचं कधी? कडेची खुर्ची रिकामी. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी सेक्रेटरी असले तरी माझी कसली छाती होतेय! पाय दुखायला लागले, तरी कुणी बसेना.

शेवटी कुसुमवहिनी रांगेतून पुढे आल्या. त्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला आणि खुर्चीलाच म्हणाल्या, "झालं हो. बसा आता."