तीट लावलेली शाबासकी

सगुणच्या परसात एक फणस होता आणि त्याला बरं म्हणायला गावात बंदी होती. फणस धरला की सगुण बुंध्याला जुनं खेटर बांधायचा. रस्त्यानं जाणारा कोणी मान वर करून बघायला लागला, की त्याला बसच्या बदललेल्या वेळेची खरीखोटी बातमी सांगून पुढे पिटाळायचा. एकदा डिचोलीहून पाहुणा आलेला त्याचा मेव्हणा सरळ तोंडावर म्हणाला, "भावोजी, फणस म्हटल्यार असो आसूंक जाय." त्या साली अर्धे फणस झाडावरच कुजले, आणि मेव्हण्याशी सगुण पुढच्या शिगम्यापर्यंत बोलला नाही.

असा हा माणूस धारगळच्या काजू कारखान्यात मॅनेजर झाला. गोव्याला राज्याचा दर्जा मिळून तीनेक वर्षं झाली होती आणि ज्याला त्याला काही ना काही होण्याची घाई होती. सगुण मात्र घाईनं झाला नाही. आधी बिया भाजायच्या भट्टीवर, मग वजनकाट्यावर, अशी उमेदीची सगळी वर्षं त्यानं त्याच पत्र्याखाली घालवली होती. जुने मॅनेजर घरी बसले तेव्हा म्हापशाचे मालक अनंतबाब त्याला म्हणाले, "चवथीमेरेन पळयतां. जमलें जाल्यार खुर्ची तुजी. ना जाल्यार बेळगांवचो एक राजेश म्हणून आसा, शिकिल्लो, ताका हाडटलों." म्हणजे गणपतीपर्यंत जमलं नाही, तर राजेश येणार होता.

खुर्ची म्हणजे काय, तर केबिनमधली एक फिरती खुर्ची, जी डावीकडेच फिरायची. पण सगुणच्या वाड्यावर तोवर कोणाला केबिन मिळालेलं नव्हतं, आणि त्याच्या बायकोनं, सिंधूनं, ही बातमी पेडण्याच्या बाजारापर्यंत स्वतः चालत जाऊन पोचवली होती. आता खुर्ची गेली तर बाजारात जायचं कोणी, हा प्रश्न होता. सगुण रोज सकाळी खुर्चीवर बसण्याआधी हळूच हात लावून ती आहे ना ते बघायचा.

तसा त्याला माणसं सांभाळायचं शिक्षण नव्हतं, आणि त्याची गरजही कोणाला भासली नव्हती. बिया फोडायला बसलेल्या बायकांमधून फिरताना तो सगळ्यांवर सारखा ओरडायचा. "काय गे, हात आसात काय पाय?" हा त्याचा नमस्कार होता. एखादीवर ओरडायचं राहून गेलं, तर ती दुपारी शेजारणीला विचारायची, सगुणदादाची तब्येत बरी आहे ना.

मालकांनी त्याला शिकायला पाठवलं तिथून घोटाळा झाला. पणजीच्या एका हॉटेलात तीन दिवसांचं शिबिर होतं. डिचोलीच्या खाणींवरचे मुकादम, सोडा बाटलीत भरणारे, बिस्किटं भाजणारे, असे वीसेक जण गालिच्यावर चपला कुठे काढायच्या या चिंतेत बसले होते. शिकवायला पुण्याहून एक तरुण साहेब आले होते. त्यांनी सहज विचारलं की मराठीत बोलू की कोकणीत. कोकणीला राजभाषा करणारा कायदा होऊन बराच काळ लोटला होता, पण तो कायदा या खोलीला कोणी कळवलेला नव्हता. पहिला चहा येऊन गेला तरी वाद मिटेना. शेवटी साहेब हिंदीत बोलले, जी कोणीच मागितली नव्हती, आणि दोन्ही बाजू समाधानानं गप्प बसल्या.

साहेबांचं म्हणणं साधं होतं. माणसाला वाढवायचं तर त्याची तारीफ करा. नाव घेऊन करा, चारचौघांत करा, रोज करा. जगभरच्या कारखान्यांत आता असंच चाललंय. सगुण भारावला. तिसऱ्या दिवशी त्याला सोनेरी काठाचं सर्टिफिकेट मिळालं, आणि त्या काठाकडे बघता बघता फणस, खेटर, मेव्हणा सगळं त्याच्या डोक्यातून उतरलं. शिकलेल्या माणसाचं असं होतं. घरचं ज्ञान त्याला घरापुरतंच वाटायला लागतं.

सोमवारी त्यानं काम थांबवून सगळ्यांना उभं केलं आणि छापील मराठीत म्हणाला, "या कारखान्यात कमलाक्षीसारखे अख्खे गर कोणीही काढत नाही. कमलाक्षी आमची सर्वोत्तम आहे. टाळ्या वाजवा."

एकही टाळी वाजली नाही. बायका कमलाक्षीकडे बघायला लागल्या, आणि कमलाक्षी, जी खरोखरच सगळ्यांत सफाईनं बी फोडायची, पांढरीफटक पडून पदराआड तोंड लपवू लागली. दुपारी तिचा लाकडी हातोडा बीवर पडायच्या ऐवजी अंगठ्यावर पडला. मंगळवारी सगुणनं गराची साल काढणाऱ्या विनोदिनीच्या नजरेची वाखाणणी केली. गुरुवारी तिचे डोळे आले. मग त्यानं भट्टीवरच्या धाकूला वाघाची उपमा दिली, आणि धाकू जेवायला बसताना जो वाकला तो सरळ झालाच नाही.

आता या तिन्ही गोष्टींना साधी कारणं होती. घाबरलेल्या बाईचा हात चुकतो, त्या महिन्यात अख्ख्या तालुक्याचे डोळे आले होते, आणि धाकू साठीला टेकला होता. पण साध्या कारणांनी माणसाचं समाधान होतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी कारखाना काढू नये. मॅनेजरची दृष्ट लागते, हे कारखान्यानं ठरवून टाकलं.

त्यानंतर चांगलं काम करणं धोक्याचं झालं. सगुणच्या चपलांचा आवाज आला की हातोडे मंदावायचे. कमलाक्षी आपले अख्खे गर चोरून शेजारणीच्या सुपात टाकायची, शेजारीण ते दचकून तिसरीच्या सुपात लोटायची, आणि या प्रवासात गरांचे तुकडे व्हायचे. काही बायका तर मुद्दाम दोन-चार बिया ठेचून वर ठेवायच्या, मॅनेजरच्या डोळ्यांत भरू नये म्हणून. कारखान्यातून डब्यांमागून डबे तुकड्यांचे जायला लागले. अख्ख्या गराचं गिऱ्हाईक हे, त्याला तुकडे देऊन काय उपयोग. अनंतबाबांचा फोन आला. "सगुण, राजेश येंवक तयार आसा हां. म्हाका परत फोन करूंक लावूं नाका."

सगुण हादरला, पण सर्टिफिकेटवरचा विश्वास ढळला नाही. त्याला वाटलं, औषध कमी पडतंय. त्यानं मात्रा वाढवली. कमलाक्षीच्या लग्नातल्या फोटोवरून तिचा चेहरा मोठा करून घेतला, चौकटीत बसवला, खाली नाव घातलं आणि दारासमोरच्या भिंतीवर टांगला.

सकाळी बायका आत आल्या आणि थबकल्या. भिंतीवर, चौकटीत, नावासकट एकट्या माणसाचा मोठा फोटो त्यांनी आजवर एकाच कारणासाठी लावलेला बघितला होता. विनोदिनीनं तर तोंडाला पदर लावून हुंदका दिला. एवढ्यात मागून स्वतः कमलाक्षी आली, तिनं आपला फोटो बघितला आणि मटकन खाली बसली. ती अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी निघून गेली. दुपारी सगुणनं बघितलं तर फोटोतल्या कमलाक्षीच्या गालावर कोणीतरी भट्टीतली काजळी लावून रुपयाएवढी तीट काढली होती.

कोणी काढली ते कोणी सांगेना. सगुण तणतणत जेवायला घरी गेला आणि सगळी हकीगत सिंधूला ऐकवली. त्याला वाटलं, ती बायकांना चार शिव्या घालील. सिंधूनं भात वाढता वाढता हातातला डाव खाली ठेवला.

"तुमच्या फणसाक कोणी बरो म्हटलो तर तुमकां जेवण जायना," ती म्हणाली. "आनी थंय परक्यांच्या सुनांक भर सभेत उभ्यो करून बरें म्हणतास? तांकां घर नाय? पोरांबाळां नाय?"

सगुणच्या हातातला घास हातातच राहिला. कमलाक्षीचा काळानिळा अंगठा त्याला दिसायला लागला. ज्या बायकांनी इतकी वर्षं आपला आरडाओरडा हसत ऐकला, त्यांना आपण आपल्या सावलीची भीती घातली, याची त्याला मनापासून लाज वाटली. सिंधूनं ताक वाढलं, तेही तसंच राहिलं.

परतताना रस्ताभर तो विचार करत होता. तारीफ केली तर दृष्ट लागते, न केली तर चवथीला राजेश येतो. कारखान्यात शिरला तेव्हा समोर तो फोटो होता आणि गालावर ती तीट. तीट लावली की मूल कितीही गोंडस असलं तरी बघू द्यायला हरकत नसते. सगुणनं फोटोवरची ती तीट बोटानं चाचपून बघितली. मग त्यानं तो खाली उतरवला आणि फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी त्यानं पुन्हा काम थांबवलं. बायका मान खाली घालून उभ्या राहिल्या. या खेपेला सगुण घरच्या बोलीत बोलला.

"कमलाक्षीच्या हातांत अख्खो गर येता, ही खरी गजाल," तो म्हणाला. कमलाक्षीनं डोळे मिटले. "पूण तिचो आवाज असो, की म्हापशाच्या बाजारात बसयली तर पाटीतले बांगडे उठून पळतीत."

कोपऱ्यातून एक बाई हसली आणि पाठोपाठ सगळा पत्रा हसला. कमलाक्षीनं डोळे उघडले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिचा चेहरा सैल पडला, आणि ती मोठ्या समाधानानं आपल्या जागेवर जाऊन बसली. तिच्या तारिफेला तीट लागली होती.

तिथून सगुणला सूर सापडला. तो रोज एकाला बरं म्हणे आणि वर ठसठशीत खोड लावी. धाकूच्या भट्टीला तोड नाही, पण त्याच्या विडीच्या वासानं काजू खोकतात. विनोदिनीची नजर घारीची, पण ती तोंड उघडते तेव्हा दुसऱ्याच्याच घरातलं बोलते. बायकांना हे इतकं आवडलं की खोड हलकी निघाली तर तक्रार व्हायची. विनोदिनी एकदा केबिनच्या दारात येऊन उभी राहिली. "मॅनेजरबाब, काल माझी खोड एकदम बारीक काडलास. दिवसभर जीव थाऱ्यार नाय." सगुणनं तिला जागच्या जागी एक जाडजूड खोड काढून दिली, तेव्हा ती गेली. अख्खे गर पुन्हा डब्यांत पडू लागले. पहिल्यापेक्षाही जास्त, कारण आता लपवायचं काही उरलं नव्हतं.

चवथीच्या आठवड्यात अनंतबाब आले. बरोबर पुण्याचे ते तरुण साहेबही होते. आपल्या शिकवणीनं झालेला चमत्कार त्यांना डोळ्यांनी बघायचा होता. सगळ्यांना एकत्र उभं करून अनंतबाब खुशीत बोलले. सगुणसारखा मॅनेजर म्हापशापासून तेरेखोलपर्यंत मिळायचा नाही, याच्या हाताखाली कारखान्याचं सोनं झालं. एवढं बोलून ते थांबले आणि रुमालानं कपाळ पुसू लागले.

बायका वाट बघत होत्या. अनंतबाब पुढे काहीच बोलेनात. अख्खीच्या अख्खी तारीफ, एकही तीट नाही, आणि तीही मालकाच्या तोंडची. धाकूनं कपाळावर हात मारून घेतला.

कमलाक्षी पुढे झाली. "बरो आसा," ती म्हणाली. "पूण दुपारी केबिनात निजता. घोरता असो, की आमकां दळपाची गिरण सुरू जाली अशें दिसता."

"बेरीज करताना बोटां मोजता," विनोदिनी म्हणाली. "आनी बोटां सरली की आमची मागता."

"माका विचारिनासताना भट्टी वाढयता," धाकू कमरेवर हात ठेवून म्हणाला. "दोन खेपे बियो करपल्यो. तुमकां कळूंक नाय, अनंतबाब."

मग रांगच लागली. प्रत्येक बाई पुढे येई, एक खोड सांगे आणि निर्धास्त होऊन मागे सरे. वाईट म्हणजे सगळ्या खऱ्या होत्या. मालकांना ठाऊक नसलेल्या, इतकी वर्षं या पत्र्याखाली जपलेल्या. सगुणला आपली खुर्ची डोळ्यांदेखत म्हापशाच्या दिशेनं जाताना दिसत होती. आणि तरीही आयुष्यात त्याच्यासाठी इतक्या माणसांनी एकदम एवढी काळजी कधी केली नव्हती. पळावं की रडावं ते त्याला कळेना.

पुण्याचे साहेब घाबरून अनंतबाबांच्या कानाशी लागले. संप वगैरे आहे का, असं त्यांनी विचारलं असावं. अनंतबाब पहिल्यांदा लालबुंद झाले होते. पण तेही इथलेच, लहानपणी तेही कानामागे काजळ लावूनच शाळेत गेले असणार. पाच-सहा खोडी झाल्यावर त्यांच्या मिशीत काहीतरी हललं. तरी त्यांनी मुद्दाम आवाज चढवला. "इतलो वायट? मागीर राजेशाक हाडूं?"

"हाडा," कमलाक्षी शांतपणे म्हणाली. "ताका आमी सगळीं मेळून फकत बरोच म्हणतलीं. रोज. एक खोड काडूंची नाय."

अनंतबाबांना त्या बेळगावच्या मुलाची दया आली. "जालें," ते म्हणाले. "सगुण, खुर्ची तुजी. कायमची."

तरीही कोणी जागचं हललं नाही. सगळे अजून मालकांच्याच तोंडाकडे बघत होते. अनंतबाबांनी साहेबांकडे पाहिलं, मग सगुणकडे, मग त्या बायकांकडे, आणि त्यांच्या लक्षात आलं.

"पूण पगार आसा तितलोच," ते म्हणाले.

बायकांनी सुटकेचा निःश्वास टाकला, एकमेकींकडे बघून माना डोलावल्या आणि कामाला बसल्या. ही तीट जरा मोठी झाली असं सगुणच्या ओठांवर आलं होतं. पण कमलाक्षी त्याच्याकडे बघून इतकी समाधानानं हसत होती, की त्यानं ते गिळून टाकलं.