रघुत्तमरावांची जीभ

रघुत्तमराव पाणी पीत नसत, ते पाण्याची उलटतपासणी घेत.

नुंगंबाक्कममधल्या आमच्या इमारतीच्या फाटकात पाण्याची लॉरी शिरली, की हा सहाफुटी गृहस्थ पांढरीशुभ्र वेष्टी नेसून, हातात चांदीचा टंबलर घेऊन असा जिना उतरे की लॉरीचं इंजिन आपोआप बंद पडे. पहिला टंबलर त्यांचा. मान मागे, ओठ न लावता वरून धार, डोळे मिटलेले, गाल फुगलेले. मग घट्ट शांतता. कावळासुद्धा ओरडायचा थांबे.

"श्रीपेरुंबुदूरच्या अलीकडील," ते घोषणा करीत. "शेतातील विहीर. काठास चिंच. मालकाचे बायकोशी पटत नाही."

ड्रायव्हर कानाला हात लावी. "अय्यो रायरे! परवाच ती माहेरी गेली!"

तो दोन हजार तीनचा उन्हाळा. शहराला पाणी पाजणारे तलाव इतके आटले होते, की मासे पोहणं विसरून चालायला शिकले होते. नळ उघडला की नुसता सुस्कारा येई. मी बँकेच्या बदलीवर साताऱ्याहून आलेली. मला वाटलं होतं, समुद्राकाठचं शहर म्हणजे पाण्याला काय तोटा! रघुत्तमराव रेल्वेतून निवृत्त झालेले आणि इमारतीचे सेक्रेटरी. त्यांच्या पूर्वजांनी मराठी तंजावरला नेली ती परत करायचं विसरले, त्यामुळे ते माझ्याशी बखरीतल्या सरदारासारखे बोलत आणि वरून तमिळची फोडणी देत.

त्यांची एकच गोष्ट इमारतीच्या डोक्यात जाई. पाणी पसंत पडलं तरी ते लगेच सोडत नसत. लॉरी जमिनीखालच्या टाकीत रिकामी होई, पण पंपाची किल्ली त्यांच्या जानव्याला, आणि जानवं संध्याकाळपर्यंत हलत नसे.

तिसऱ्या मजल्यावरचा कार्तिक कंप्युटर कंपनीत होता. तो गॅलरीतून ओरडे, "सर, पास झालं ना? मग सोडा ना!"

"सुम्मा, उगाच ओरडू नकोस. प्रवास करून आलेले पाणी. पाहुणा दारात येताच त्याच्या हाती झाडू देतोस काय?"

आणि आम्ही पदवीधर माणसं, पाण्याला विश्रांती हवी असते हे मान्य करून, घामेजलेले तसेच बसून राहत असू.

माझ्या मुलाचं बारसं होतं त्या दिवशी घरातले हंडे, कळशा, बादल्या, अगदी कुंकवाचा करंडासुद्धा कोरडा होता. सासूबाई साताऱ्याहून गाडीभर नातेवाईक घेऊन आलेल्या. आचारी रिकाम्या पातेल्यावर डाव वाजवत होता. लॉरी सकाळी आली, रावांनी टंबलर रिचवला, "उत्तम, गोड," म्हणाले, आणि किल्ली घेऊन वर गेले.

"सूनबाई," सासूबाई म्हणाल्या, "तुमच्याकडे पाण्याचाही मुहूर्त असतो वाटतं!"

मी पेटले. असे जिने चढले की पायऱ्या मागे वळून पाहू लागल्या. रावांचं दार ठोठावलं. त्यांच्या पत्नीने, रुक्माअक्कांनी उघडलं. मी आवाज चढवणार, तोच आतून न्हाणीघराचं दार धाडकन आपटल्याचा आवाज आला, आणि मग रावांचं कण्हणं.

अक्कांनी मला खुर्चीत ढकललं. "आता तुला सांगतेच. चौथ्यांदा आत गेलेत. आज पाणी सोडणार नाहीत."

"पण त्यांनीच तर गोड म्हटलं!"

"त्यांस गोड काय, कडू काय! स्कूटरवरून पडले तेव्हापासून जिभेस चवच नाही. कॉफी कोणती नि सांबार कोणतं हे डोळ्यांनी बघून ओळखतात."

"मग ती चिंच? ती बायको?"

"चिंच कुठल्या विहिरीस नसते ग? आणि बायकोशी कोणाचं पटतं?"

राव भिंतीला धरत बाहेर आले. चेहरा धुतल्या तांदळासारखा पांढरा. जीभ नव्हे, पोट पाणी तपासत होतं! सकाळी प्यायचं, संध्याकाळपर्यंत वाट पाहायची, पोट गप्प राहिलं तर पंप. आदल्या वर्षी टाकीच्या पाण्याने तळमजल्यावरच्या मुलीला कावीळ झाली होती आणि पंप रावांनीच चालू केला होता. कावीळ अंगात यायला महिना लागतो हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं ते बरं. नाहीतर त्यांनी एकेक लॉरी महिनाभर रोखली असती.

"पाणी उकळा असं सांगायचं ना सगळ्यांना," मी म्हटलं.

"सांगितले. कोण ऐकतो? म्हाताऱ्याचे शहाणपण कोणासही नको, चमत्कार सर्वांस हवा." मग पोट धरून म्हणाले, "खाली पोटाचे बोलू नका. म्हणा, जिभेचे मत बदलले."

मी खाली जाऊन हात वर केला. "त्या विहिरीत म्हैस मेलीय! रावांना आत्ता, मागाहून कळलं!" कुणी एक शब्द विचारला नाही. बारशाचा स्वयंपाक विकतच्या कॅनच्या पाण्यात झाला आणि सासूबाईंनी रावांसाठी साजूक तुपातला शिरा वर पाठवला. अक्कांनी तो माझ्यादेखत खाल्ला. रावांच्या वाट्याला ताक-भात.

टाकी उपसून, घासून, ब्लीचिंग पावडरीने धुतली. मी कार्तिकला तेवढं विश्वासात घेतलं. त्याने पाणी तपासायचे थेंब आणले. लॉरी रिकामी झाली की तो टाकीत क्लोरीन टाके; ते पुरेसं असलं की बाटलीत घेतलेलं पाणी थेंब पडताच पिवळं होई. अक्कांची अट एकच: गिळायचं नाही. मग राव घोट गालात घोळवून झाडाच्या बुंध्याशी थुंकत, खांबाआडून कार्तिक पिवळी बाटली दाखवी, आणि राव विहिरीच्या मालकाची कुंडली मांडत. पाणी तासाभरात सुटू लागलं. लोक म्हणाले, वयाबरोबर जीभ चपळ झाली.

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडावर राव झोपेतच गेले. हृदय बंद पडलं. "पाण्याचा काही संबंध नाही," अक्कांनी रडतारडता मला बजावलं, "खाली सगळ्यांस सांग."

तेरावा झाल्यावर पहिली लॉरी आली. कार्तिक आता खांबापुढे उभा राहिला. थेंब टाकले, बाटली उंच धरली. हळदीसारखी पिवळी. "बघा, शास्त्रीय पुरावा!" सगळ्यांनी माना डोलावल्या. पंप चालू झाला, घरोघर नळ वाहू लागले, आणि लोक भरलेले पेले हातात घेऊन गॅलऱ्यांत उभे राहिले. प्रत्येक जण दुसऱ्याच्या पेल्याकडे बघत होता. कार्तिकसुद्धा.

तेवढ्यात अक्का बाहेर आल्या. कपाळ मोकळं, हातात स्टीलचा साधा तांब्या. सगळ्या इमारतीसमोर त्यांनी तो गटागटा संपवला आणि पदराने तोंड पुसलं.

"काय बघता? प्या आता. आणि उद्याच्या इडलीसाठी तांदूळ भिजवा, पाणी आहे तोवर."