कादंबरीचे दुष्परिणाम

औषधाच्या खोक्यात आठ घड्यांची, मुंगीच्या अक्षरातली एक चिठ्ठी असते ना? ती कुणीतरी लिहितं. आमचा हा गृहस्थ औषधांच्या कारखान्यात सव्वीस वर्षं तेच करत होता, म्हणून सगळे त्याला चिठ्ठीमास्तर म्हणत. लोक गोळ्या काढून घेतात आणि चिठ्ठी न वाचता केराच्या टोपलीत टाकतात, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तरी 'क्वचित चक्कर येऊ शकते' यातला 'क्वचित' गाळायची त्याची छाती नव्हती. सिद्ध झालं नाही ते लिहायचं नाही आणि वाईट आहे ते लपवायचं नाही, असा त्या खात्याचा नियम.

अशा माणसाने कादंबरी लिहिली. तीही साधीसुधी नाही, उडते डोंगर, बोलक्या नद्या आणि सावली हरवलेली एक राणी. अकरा वर्षं रोज कामावर जाण्याआधी तासभर बसून सातशे चौऱ्याहत्तर पानं झाली. वाचली कुणी? कुणीच नाही. बायको म्हणायची, "अहो, पूर्ण होऊ द्या, मग एकदम वाचते." पूर्ण होऊन दीड वर्ष लोटलं होतं. आपण लिहिलेलं कुणीतरी एकदा मनापासून वाचावं, एवढंच बिचाऱ्याचं मागणं.

शेवटी एका प्रकाशकाला त्याने विचारून पाहिलं, तर त्याचं पत्र आलं. कादंबरीची आशयसूत्रं एका पानात लिहून पाठवा, मग हस्तलिखित मागवायचं का ते ठरवू.

झालं. मास्तरांनी 'सत्ता, मृत्यू आणि अस्तित्वाचा शोध' असं ठोकून दिलं आणि बायकोला वाचून दाखवलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"छान आहे," ती म्हणाली, "पण हे कुणाच्याही पुस्तकाला चालेल."

मास्तरांना राग आला, कारण तिचं बरोबर होतं. आठवडाभर डोकं खाजवलं, कागद फाडले. शेवटी हाताला जी सवय होती तीच कामाला आली.

'उपयोग: जवळचं माणूस शेजारी असूनही लांब गेल्यासारखं वाटत असल्यास. प्रमाण: रोज वीस पानं, जेवणानंतर. दुष्परिणाम: सुरुवातीला झोप येते, हे सामान्य आहे. क्वचित रडू येतं. इशारा: सावली परत मिळते, पण तोवर राणी तिच्याविना जगायला शिकलेली असते. गोड शेवट हवा असणाऱ्यांनी घेऊ नये.'

स्वतःच्या मालाने झोप येते असं लिहिणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. पण नियम तो नियम. सवयीने कागदाच्या आठ घड्या पडल्या आणि पाकीट टम्म फुगलं.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं, सोबत ते पानही परत. 'आपलं पान आमच्याकडे सगळ्यांनी वाचलं, दोनदा मोठ्याने वाचलं. कादंबरीत जे आहे ते यात पूर्ण आलं आहे, त्यामुळे हस्तलिखित मागवण्याची गरज उरली नाही. आमच्या पुढच्या सहा पुस्तकांसाठी अशीच पानं लिहून द्याल का?'

सव्वीस वर्षांत पहिल्यांदा चिठ्ठी वाचली गेली आणि औषध टोपलीत गेलं. मास्तरांना आधी हसू आलं. मग त्यांनी पत्र आणि पान बायकोपुढे सरकवलं.

बायकोने पत्र वाचलं. मग त्या पानाच्या आठही घड्या उलगडून तेही वाचलं. पहिल्या ओळीवर ती बराच वेळ थांबली.

"हे जवळचं माणूस कोण?"

"राणीचं," मास्तर म्हणाले.

"असं होय."

दुपारी जेवण झाल्यावर तिने कपाटातून गठ्ठा काढला, वीस पानं मोजून वेगळी केली आणि पलंगावर आडवी झाली. थोड्या वेळाने मास्तरांनी डोकावून पाहिलं तर पानं छातीवर आणि डोळे मिटलेले. अपेक्षितच होतं. त्यांनी अलगद पानं उचलली आणि खूण म्हणून प्रकाशकाचं पत्र पहिल्या पानाशी ठेवलं.

"सतराव्याशी ठेवा," ती डोळे न उघडता म्हणाली.