तिच्या तारखेचा उजेड

मी सौंसरला नागपूरच्या बसमध्ये चढायचो, तेव्हा रामाकोन्याहून बसून आलेले एक गृहस्थ माझ्यासाठी रुमाल टाकून जागा धरून ठेवत. नागपूरच्या एका प्रयोगशाळेत ते संगणक चालवत. परदेशातल्या यंत्रात कण एकमेकांवर आदळत, त्याच्या नोंदी या प्रयोगशाळेत टेपवर येत. हुकूम टाइप करून तारीख दिली की त्या दिवशीची ल्युमिनॉसिटी, म्हणजे टकरींचं प्रमाण, पडद्यावर दिसे. शब्दाचा अर्थ धरून ते तिला उजेड म्हणत. “सध्या मार्चचा उजेड पाहून राहिलो,” एवढंच सांगत.

त्यांची बायको वारली त्या वर्षाच्या टेप आल्या, तेव्हा ते म्हणाले, “तिची तारीख टाकून पाह्यली. उजेड शून्य.”

“मशीन बंद असन त्या दिवशी, भाऊ,” मी म्हणालो.

“मालूम आहे मले.” त्यांनी रुमालाची घडी घातली. “तरी रोज टाकून पाह्यतो.”